कुलूप, किल्ली आणि पितळी बिल्ला

नवीन घरात बिऱ्हाड हलवताना जाणती माणसं आधी कडी-कोयंडे पाहतात. मागचं दार नीट बसतं का, खिडकीचे गज हलत तर नाहीत, गच्चीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, अशा चौकशा आटोपल्या की मग भिंतींच्या रंगाकडे वळतात. ब्राउझरच्या बाबतीत हीच जाणती माणसं नेमकी उलट वागतात. आधी पडद्यावर डोंगरदऱ्यांचं चित्र लावतात, मग अक्षरं मोठी करून घेतात, आणि 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' अशी पाटी दिसली की समोरून विमा एजंट येत असल्यासारखी मान वळवून पुढे सटकतात.

मी गेल्या महिन्यात ब्राउझर बदलला आणि त्या पाटीमागची खोली सबंध हिंडून पाहिली. दोन दुपारी खर्ची पडल्या. आत बटणंच बटणं. पहिल्या दुपारी सगळी सारखीच वाटली. दुसऱ्या दुपारी लक्षात आलं, की ही नुसती बटणं नव्हेत, हा इतिहास आहे. जुन्या वाड्यात एकाच खिडकीला बाकीच्यांपेक्षा जाड गज दिसले, तर खुशाल समजावं की चोर इथून शिरला होता. इथेही तसंच. बहुतेक बटणामागे एक चोरी आहे, निदान एक बोंबाबोंब आहे. आणि गंमत अशी, की चोरीइतकाच घोटाळा पुढे त्या बटणाच्या नावाने आणि चित्राने केला आहे.

कुकीजचंच घ्या. वेबचा सर्व्हर हा जन्मजात विसरभोळा प्राणी. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. कागद मागितला, कागद दिला, संबंध संपला. देणाऱ्याने मागणाऱ्याचा चेहरा ध्यानात ठेवायचं कारण नव्हतं. पण पुढे वेबवर दुकानदारी आली आणि हा विसरभोळेपणा नडायला लागला. तुम्ही टोपलीत साबण टाकून तेल बघायला शेजारच्या पानावर जावं, तर दुकानदार विचारणार, "आपण कोण?" साबणाचा तर पत्ताच नाही!

अमेरिकेत नेटस्केप नावाची कंपनी १९९४ साली निघाली. तिथल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने त्याच वर्षी यावर तोड काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला पितळी बिल्ला मिळतो ना, तशी. बिल्ल्यावर नुसता आकडा. तो सांभाळायचा आपण, पण त्याचा अर्थ कळतो फक्त चपलावाल्याला. पुन्हा आलात की बिल्ला दाखवा, तो तुमच्या चपला बरोबर काढून देतो. युनिक्सवाली मंडळी असल्या बिल्ल्याला पूर्वीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यातली 'कुकी' माँटुलीने उचलली. माझं स्पष्ट मत आहे, की इथेच पहिला घात झाला. नावात खाण्याची वस्तू आली की माणूस गाफील होतो. 'आम्ही आपल्या खिशात पाळतीची चिठ्ठी ठेवत आहोत' असं कुणी म्हणालं असतं, तर आपण खिसा घट्ट धरला असता. बिस्कीट म्हटल्यावर आपण हात पुढे करतो.

माँटुलीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा नंबर देऊन टाकावा, हा सोपा मार्ग त्याला दिसत होता. तो त्याने मुद्दाम टाळला, कारण मग त्या नंबरावरून माणूस गावभर ओळखू आला असता. बिल्ला ज्याचा त्याच्यापुरता, अशी त्याची योजना. पण एका पानावर दुकान एकाचं असतं आणि भिंतीवरची जाहिरात दुसऱ्याची, याचा फायदा जाहिरातवाल्यांनी घेतला. तेही आपापला बिल्ला आपल्या खिशात टाकू लागले. बिल्ला ज्याचा त्याचाच, फक्त हा 'ज्याचा तो' प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर! सराफकट्ट्यावर हाच भेटला, औषधाच्या दुकानात हाच, वधुवर सूचक मंडळाच्या दारातही हाच. संध्याकाळपर्यंत त्याला कळलेलं असतं, की या गृहस्थांना मधुमेह आहे आणि मुलीचं लग्न काढलं आहे.

१२ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने या बिल्ल्याची बातमी छापली आणि आपल्या खिशात काय काय आहे हे लोकांना तेव्हा कळलं. बोंबाबोंब झाली, आणि नेटस्केपच्या पुढच्या आवृत्तीत बटण आलं: कुकी घेण्याआधी मला विचारा. लोकांनी उत्साहाने दाबलं. मग यंत्र प्रत्येक पानावर विचारू लागलं. घेऊ का? हीही घेऊ का? आणखी एक आली आहे, घेऊ का? लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह करणारा वाढपी परवडला. लोकांनी दोन दिवसांत बटण बंद केलं. १९९७ च्या फेब्रुवारीत कुकीजचं पहिलं रीतसर नियमपत्र निघालं, त्याच्या दोन लेखकांत स्वतः माँटुली होता. परक्याचा बिल्ला मुळात घेऊच नये, असं त्यात लिहिलं होतं. ब्राउझरवाल्यांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

त्यानंतर सफारी परक्या बिल्ल्यांशी २००३ पासून फटकून वागली आणि २०२० मध्ये तिने दार पुरतं लावून घेतलं. फायरफॉक्सनेही २०१९ मध्ये पाळत ठेवणाऱ्यांचे बिल्ले आपणहून अडवायला सुरुवात केली. क्रोमची कथा निराळी. क्रोम गूगलचा आणि गूगलचं पोट जाहिरातीवर. जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं, दोन वर्षांत परके बिल्ले बंद. २०२१ मध्ये मुहूर्त २०२३ वर गेला. २०२२ मध्ये २०२४ वर. २०२४ च्या एप्रिलमध्ये २०२५ वर. आमच्या आळीत एका मुलाचं लग्न असंच पत्रिकेच्या गणितावरून पुढे पुढे जात होतं, तेव्हा जाणत्यांनी ओळखलं होतं की मुलाच्या मनात नाही. एप्रिल २०२५ मध्ये गूगलनेही सांगून टाकलं, की आहे तसंच राहू द्या, ज्याला नको त्याने आपलं आपण बटण बंद करावं. ते बटण शोधायलाच माझी पहिली दुपार गेली.

पाठलागाविरुद्ध आणखीही एक बटण होतं. 'होतं' म्हणतो, कारण फायरफॉक्सने ते २०११ साली आधी आणलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत काढूनही टाकलं. नाव 'डू नॉट ट्रॅक'. ते दाबलं की ब्राउझर प्रत्येक साइटला एक आकडा पाठवी. अर्थ असा, की कृपया माझ्या मागे येऊ नका. बस्स. पाळायचं की नाही हे समोरच्याच्या मनावर. आपल्याकडे भिंतीवर 'येथे जाहिराती लावू नयेत' असं रंगवतात आणि चार दिवसांनी ती अक्षरंच जाहिरातींखाली झाकली जातात, तशी गत झाली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की आमच्या नव्या ब्राउझरात हे बटण आधीच दाबलेलं येईल. जाहिरातवाले म्हणाले, मग ही त्या माणसाची इच्छा कशी? आम्ही मानत नाही. २०१९ मध्ये सफारीने बटण काढलं. कारण वाचून मी खुर्चीवरून पडायचा राहिलो. हे बटण दाबणारे थोडे, त्यामुळे ते दाबल्याने माणूस गर्दीत जास्तच उठून दिसे! मागे येऊ नका म्हणून सांगावं आणि तेवढ्यावरूनच ओळखू यावं, ही लोकशाहीतली फारच वरची पायरी झाली.

आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचं बटण मी भराभर उरकलं. तो शोध ट्रायपॉड कंपनीतल्या ईथन झुकरमन यांचा. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच चावट पानावर झळकली, तेव्हा जाहिरात पानावर नको, वेगळ्या खिडकीत असावी, असा सोज्वळ विचार त्यामागे होता. झुकरमन यांनी २०१४ मध्ये लेख लिहून जाहीर माफी मागितली आहे. इतक्या उशिरा का होईना, पण माफी मागणारा या सबंध इतिहासात मला हा एकच गृहस्थ भेटला.

गुप्तवेशाचं बटण मात्र लोकांच्या फार आवडीचं. सफारीने २००५ मध्ये ते आणलं, क्रोमने २००८ मध्ये त्याला 'इन्कॉग्निटो' हे नाव आणि टोपी-चष्मेवाल्या हेराचं चित्र दिलं. पत्नीच्या वाढदिवसाची भेट गुपचूप घेता यावी म्हणून हे आहे, असं त्याचं समर्थन करण्याची तेव्हा रीत होती. जगातल्या नवऱ्यांना भेटवस्तू घेण्याचा इतका सोस असेल अशी मला कल्पना नव्हती. खरं काम एवढंच, की खिडकी बंद केली की पाहिलेल्या पानांची यादी आणि त्या वेळचे बिल्ले तुमच्या यंत्रावरून पुसले जातात. म्हणजे माणूस लपतो तो घरच्यांपासून. तुम्ही जिथे गेलात त्या साइटला, कचेरीच्या नेटवर्कला, इंटरनेट पुरवणाऱ्याला तो दिसायचा तसाच दिसतो. मांजर डोळे मिटून दूध पितं त्यातलाच प्रकार, फक्त टोपी घालून. यावरून २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला. २०२४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा अशा गुप्त वाऱ्यांतून जमलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं. त्याच वर्षी त्या खिडकीवरची सूचनाही सुधारून लिहिली गेली. हेराचा चष्मा तेवढा कायम आहे.

आता कुलपाकडे येतो. त्याच्यासाठीच हा सगळा उपद्व्याप.

साधं वेब म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत ज्याच्या ज्याच्या हातातून जाईल त्याने वाचावं. दुकानदारी करायची तर पाकीट बंद हवं, म्हणून नेटस्केपनेच १९९५ मध्ये एसएसएल नावाची पाकिटं बाजारात आणली. मजकूर गुप्त अक्षरांत जातो, उलगडतो फक्त पलीकडच्याला. या एसएसएलची पहिली आवृत्ती कंपनीबाहेर पडलीच नव्हती, बाहेर आली ती दुसरी. पडद्याच्या कोपऱ्यात तेव्हा कुलूप नव्हे, किल्ली असे. साधं पान असलं की किल्ली मोडलेली, बंद पाकीट असलं की सबंध. त्या किल्लीच्या दात्यांतही राजकारण होतं. गुप्तलेखन ही अमेरिकन सरकारच्या लेखी युद्धसामग्री, तोफा-बंदुकांच्या पंगतीतली. त्यामुळे घरच्यांना १२८ बिटांची दोन दात्यांची किल्ली आणि परदेशी पाठवायला ४० बिटांची, एका दात्याची. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून आपण जगात पाऊल टाकलं ते असं एकदाती किल्ली कमरेला लावून.

ती किल्ली किती भक्कम होती? त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दामियें दोलिजे यांनी शंभरावर संगणक कामाला जुंपून असं एक पाकीट आठवड्याभरात फोडलं. पुढच्याच महिन्यात बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या दोन दात्यांच्या किल्लीचीही शोभा केली. किल्ली बनवायला जो 'कुठलाही' आकडा लागतो, तो नेटस्केप घड्याळातल्या वेळेवरून आणि यंत्रात चालू असलेल्या कामाच्या क्रमांकावरून काढत असे. म्हणजे तिजोरी पोलादी आणि नंबर मालकाची जन्मतारीख! नेटस्केपने चूक तातडीने दुरुस्त केली. निर्यातीची अट जानेवारी २००० मध्ये सैल झाली. पण एकदाती किल्ली पुष्कळ सर्व्हरांच्या फडताळात तशीच पडून राहिली होती. २०१५ मध्ये असं आढळलं, की सर्व्हरला जरा फूस लावली तर तो आजही ती काढून वापरायला तयार होतो. सरकारी हुकूम रद्द झाला तरी त्याची अंमलबजावणी चालू राहते, हे पाहून मला अमेरिकेबद्दल प्रथमच घरगुती आपुलकी वाटली.

दरम्यान किल्ली जाऊन कुलूप आलं. बँका, दुकानं ते लावत, बाकीचे पोस्टकार्डावर खूश. २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं एक छोटं जोडकाम फुकट वाटलं. चहाच्या दुकानात बसून शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा बिल्ला त्यातून एका टिचकीसरशी उचलता येई आणि त्याच्या नावाने वावरता येई. हे व्हायचं, कारण पासवर्ड पाकिटातून जात असला तरी नंतरचा बिल्ला उघड्या पोस्टकार्डावर जाई. बटलर यांचा हेतूच तो होता, की लाज वाटून तरी लोकांनी सगळं पाकिटात घालावं. मग चक्रं फिरली. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने पाकिटं फुकट वाटायला सुरुवात केली, अर्ज नाही, फी नाही, आपोआप. जुलै २०१८ पासून क्रोम पोस्टकार्डवाल्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारू लागला. थोड्याच वर्षांत जिकडेतिकडे कुलपं दिसू लागली.

जिकडेतिकडे म्हणजे चोरांच्या दारावरसुद्धा. फुकट मिळणारं कुलूप चोराने का घेऊ नये?

माझे मामा आयुष्यभर हिशेबतपासनीस. तीन रुपयांच्या व्हाउचरवर सही नसली तर माणसाला पुन्हा दोन जिने चढायला लावत. दोन वर्षांपूर्वी त्यांना फोनवर निरोप आला, की वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला जोडणी तोडण्यात येईल. मामी आत नेब्युलायझर लावून बसल्या होत्या. मामांनी निरोपातल्या दुव्यावर टिचकी मारली. बिलाचं पान आलं, त्यातून बँकेचं पान आलं. तोच रंग, तेच चिन्ह. कोपऱ्यात कुलूप. एक गोष्ट मात्र रोजच्यासारखी झाली नाही. एरवी ब्राउझर मामांचा पासवर्ड आपोआप भरत असे, त्या दिवशी तो जागा रिकामी ठेवून गप्प बसला. मामा म्हणाले, यंत्र बिघडलं. त्यांनी कपाटातून डायरी काढली आणि बघून बघून, एकेक अक्षर हाताने भरलं. मागून आलेला ओटीपीही दिला. ६२,००० रुपये गेले. १९३० वर तक्रार केली, त्यातले २०,००० वाटेत अडले ते चार महिन्यांनी परत आले.

मी गेलो तेव्हा ते खुर्चीत बसून होते. पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, पण कुलूप होतं की रे! मी पाहिलं होतं."

होतंच. आणि कुलपाने आपलं काम चोख केलं होतं. मामांचं पाकीट वाटेत कुणीही फोडलं नाही, ते सुरक्षितपणे थेट चोराच्या हातात पडलं. पाकीट बंद आहे आणि वर लिहिलेल्या पत्त्यावरच चाललं आहे, एवढंच कुलूप सांगतं. तो पत्ता कुणाचा, हे सांगत नाही. पत्ता खरोखर पाहिला तो त्या घरात एकाच जणाने, त्या गप्प बसलेल्या पासवर्डवाल्या बटणाने. त्याला रंग कळत नाही, चिन्ह कळत नाही, साडेनऊची धास्ती कळत नाही. जतन केलेल्या पत्त्याशी नवा पत्ता तंतोतंत जुळला नाही, की ते तोंड उघडत नाही. तीस वर्षं मामा हेच करत आले होते. पण बिचाऱ्या बटणाला 'सही नाही, जिना चढून या' असं म्हणता येत नाही. ते नुसतं गप्प बसतं, आणि यंत्र गप्प बसलं की आपण ते बिघडलं असं समजतो.

तुम्ही म्हणाल, ठकांची यादी ठेवणारंही एक बटण असतं ना, धोक्याच्या पानावर लाल पडदा टाकणारं? असतं. २००६ पासून आहे, आणि माझ्या मते सबंध खोलीतलं सर्वांत कष्टाळू बटण ते. पण पोलीस चौकीत फरारी आरोपीचा फोटो लागेपर्यंत तो गाव सोडून गेलेला असतो. यंत्रावरची यादी अर्ध्या-पाऊण तासाने ताजी व्हायची, आणि गूगलनेच २०२४ मध्ये सांगितलं, की असलं पान सरासरी दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. तेव्हापासून क्रोम त्या त्या क्षणी विचारपूस करतो. मामांना उशीरच झाला म्हणायचा.

कुलपावर विसंबणारे मामा एकटे नव्हेत. गूगलने २०२१ मध्ये लोकांना कुलपाचा अर्थ विचारला, तेव्हा बरोबर सांगणारे शंभरात अकरा निघाले. त्याआधी कंपनीचं रीतसर नाव हिरव्या अक्षरांत दाखवणारी भारी किमतीची प्रमाणपत्रंही होऊन गेली. २०१७ मध्ये इयन कॅरल या संशोधकाने केंटकी राज्यात 'स्ट्राइप' याच नावाची स्वतःची कंपनी नोंदवली आणि पैसे पोचवणाऱ्या बड्या स्ट्राइपचं ते हिरवं नाव कायदेशीरपणे आपल्या पानावर लावून दाखवलं. एका नावाचे दोन जोशी एका वाड्यात राहू शकतात, हे अमेरिकेला असं उशिरा कळलं. २०१९ मध्ये हिरवी अक्षरं गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने संगणकावरच्या पत्त्याशेजारचं कुलूपही काढलं आणि तिथे दोन आडव्या रेघांवर दोन गोट्या बसवल्या. त्या चित्राचा कुणी काहीच अर्थ लावू शकत नाही, हाच त्याचा गुण. आपल्या रिझर्व्ह बँकेने वाट पत्त्याचीच धरली. बँकांनी आपलं बिऱ्हाड ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेपटीच्या पत्त्यावर हलवावं, असा आदेश काढला. ही शेपटी बँकेशिवाय कुणाला मिळत नाही.

मामांना हे सगळं मी सांगितलं. त्यांनी डायरीतलं पासवर्डचं पान फाडलं आणि नव्या पानावर बँकेचा पत्ता सुवाच्य अक्षरांत उतरवून शेपटीखाली लाल रेघ मारली. मग पुष्कळ वेळ त्या दोन रेघांकडे आणि गोट्यांकडे पाहत राहिले.

"आणि कुलूप पार काढलंच म्हणतोस?"

"काढलं, मामा."

त्यांनी चष्मा सारखा करून गोट्यांवर टिचकी मारली. एक छोटी चौकट उघडली. तिच्यात पहिल्याच ओळीला, बारीकसं, पण चांगलं बंद केलेलं कुलूप होतं.

"हे काय, आतल्या खोलीत ठेवलंय की!" मामा म्हणाले आणि मामींना हाक मारून दाखवायला लागले.